विश्लेषण : ११ महिन्यांचे अर्थमंत्री, एकच अर्थसंकल्प… तरी कोकण रेल्वेच्या हिशेबात मधु दंडवतेंचे नाव आजही का येते?

पावस (रत्नागिरी) : स्वामी स्वरूपानंदांच्या समाधी मंदिरात दर्शनाला येणारा मुंबईकर भाविक आज काय करतो? रात्रीची गाडी पकडतो, पहाटे रत्नागिरी स्टेशनवर उतरतो आणि भाट्ये, गोळपमार्गे तासाभरात पावसला पोहोचतो. स्वामींनी १५ ऑगस्ट १९७४ रोजी समाधी घेतली, तेव्हा रत्नागिरीत रेल्वेच नव्हती. भाऊच्या धक्क्यावरून बोट किंवा घाटवळणांची एसटी, एवढेच पर्याय होते. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला सह्याद्री आणि मधे खाड्याच खाड्या. नकाशात कोकण किनारपट्टी असली तरी पावसाळ्यात ती एखाद्या बेटासारखीच असायची.

या ‘बेटा’ला रेल्वेने जोडण्यासाठी पैसा कसा उभा राहिला, या प्रश्नाचे उत्तर शोधताना एका अर्थमंत्र्यापर्यंत जावे लागते. ते म्हणजे प्रा. मधु दंडवते. कोकण रेल्वे महामंडळाचे भारतीय रेल्वेत विलीनीकरण करण्यास महाराष्ट्राने मे २०२५ मध्ये संमती दिली आणि ३५ वर्षांपूर्वीचा तो हिशेब पुन्हा चर्चेत आला.

थोडक्यात

• दंडवते डिसेंबर १९८९ ते नोव्हेंबर १९९० या काळात देशाचे अर्थमंत्री होते. त्यांनी एकच अर्थसंकल्प मांडला.
• त्याच काळात, १९ जुलै १९९० रोजी कोकण रेल्वे महामंडळाची स्थापना झाली.
• तिजोरीत पैसा नसल्याने मार्गासाठी स्वतंत्र कंपनी काढून कर्ज उभारण्यात आले. त्या कर्जाचा भार प्रवाशांच्या तिकिटावरही आला.

दंडवते मूळचे कोकणातले होते का?

नाही. त्यांचा जन्म २१ जानेवारी १९२४ रोजी अहमदनगरचा (आताचे अहिल्यानगर). भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केल्यानंतर मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात ते हा विषय शिकवत आणि पुढे त्या विभागाचे प्रमुख झाले. १९४२ च्या चळवळीत ते होते, १९५५ च्या गोवा मुक्ती सत्याग्रहात होते आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातही होते. राजकारणात आल्यावरही ‘प्राध्यापक’ ही ओळख त्यांना शेवटपर्यंत चिकटून राहिली.

कोकणाशी त्यांचे नाते जुळले ते राजापूर लोकसभा मतदारसंघामुळे. बॅ. नाथ पै यांनी १९५७ पासून हा मतदारसंघ राखला होता. जानेवारी १९७१ मध्ये नाथ पै यांचे अकाली निधन झाले. त्यानंतरच्या निवडणुकीत प्रजा समाजवादी पक्षाने दंडवतेंना उभे केले आणि ते निवडून आले. पुढे १९७७, १९८०, १९८४ आणि १९८९ असे सलग पाच वेळा राजापूरने त्यांना दिल्लीला पाठवले. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या १९८४ च्या काँग्रेस लाटेत विरोधकांचे भलेभले पडले, दंडवते टिकले.

आणीबाणीत, जून १९७५ मध्ये त्यांना बंगळुरूत अटक झाली. अटलबिहारी वाजपेयी आणि लालकृष्ण अडवाणी यांनाही तेव्हा तिथेच पकडण्यात आले होते. दंडवते बंगळुरूच्या तुरुंगात आणि पत्नी प्रमिला दंडवते येरवड्यात, असे त्यांचे अनेक महिने गेले.

आधी रेल्वेमंत्री म्हणून काय केले?

मार्च १९७७ मध्ये जनता पक्षाचे सरकार आले आणि दंडवते रेल्वेमंत्री झाले. त्यांची सर्वाधिक लक्षात राहिलेली सुधारणा साधी आहे. तेव्हा दुसऱ्या वर्गाच्या शयनयानात लाकडी फळ्यांवर झोपावे लागे. त्या फळ्यांवर दोन इंच जाडीचे फोम बसवण्याचा निर्णय त्यांनी घेतला. आज स्लीपर कोचमध्ये जी गादी मिळते, तिची सुरुवात तिथून झाली. डिसेंबर १९७७ मध्ये मुंबई-हावडा मार्गावर गीतांजली एक्स्प्रेस सुरू झाली, ती पहिला-दुसरा वर्ग असा भेद नसलेली गाडी म्हणून. १९७४ च्या रेल्वे संपात बडतर्फ झालेल्या कर्मचाऱ्यांना परत घेण्याचा निर्णयही याच काळातला.

कोकणाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच होती. दिव्याहून पनवेलमार्गे आपट्यापर्यंत आलेली रेल्वे १९६६ पासून तिथेच अडकून पडली होती. आपटा-रोहा हा पुढचा टप्पा दंडवतेंच्या कारकिर्दीत मार्गी लागला. मात्र सरकार १९७९ मध्ये कोसळले आणि रोह्यापर्यंत गाडी पोहोचायला १९८६ उजाडले. आपटा ते रोहा हे अंतर सुमारे ६० किलोमीटर आहे. या वेगाने रत्नागिरीला रेल्वे कधी येणार, हा प्रश्न तेव्हा प्रत्येक कोकणी माणसाला पडलेला होता.

अर्थमंत्री झाले तेव्हा तिजोरीत काय होते?

डिसेंबर १९८९ मध्ये व्ही. पी. सिंह पंतप्रधान झाले आणि अर्थखाते दंडवतेंकडे आले. त्यांच्याआधीचे अर्थमंत्रीही मराठीच होते, शंकरराव चव्हाण. त्याआधी चिंतामणराव देशमुख (१९५०-५६) आणि यशवंतराव चव्हाण (१९७०-७४) यांनी हे खाते सांभाळले होते. यातले देशमुख महाडजवळच्या नाते गावचे, म्हणजे अस्सल कोकणातले. मुंबईच्या प्रश्नावरून त्यांनी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला होता.

दंडवतेंच्या वाट्याला आलेली परिस्थिती बिकट होती. ऐंशीच्या दशकात सरकारने उत्पन्नापेक्षा जास्त खर्च केला होता आणि परदेशी कर्ज वाढले होते. नव्या सरकारची पहिली तक्रारच ‘तिजोरी रिकामी आहे’ ही होती. लोकसभेत बहुमतही स्वतःचे नव्हते. एका बाजूने भाजप आणि दुसऱ्या बाजूने डाव्या पक्षांचा बाहेरून पाठिंबा, यावर सरकार उभे होते.

त्या एकमेव अर्थसंकल्पात काय होते?

दंडवतेंनी १९ मार्च १९९० रोजी अर्थसंकल्प मांडला. त्यातल्या चार गोष्टी आजही समजून घेण्यासारख्या आहेत.

*१. सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द :* १९६८ च्या या कायद्याने सामान्य माणसाला सोन्याची वीट किंवा लगड जवळ बाळगायला बंदी होती. सोनारांवर परवाने, नोंदवह्या आणि साठ्याच्या मर्यादा होत्या. त्याआधी १९६३ मध्ये १४ कॅरेटपेक्षा शुद्ध सोन्याचे दागिने घडवण्यावरच निर्बंध आले होते आणि असंख्य सोनारांचा धंदा बसला होता. एवढे करूनही तस्करी थांबली नाही. दंडवतेंनी हा कायदा मोडीत काढण्याची घोषणा केली आणि १९९० मध्येच तो रद्द झाला.

*२. करमुक्त उत्पन्नाची मर्यादा :* ती १८ हजारांवरून २२ हजार रुपये करण्यात आली.

*३. बचतीवरची सवलत सगळ्यांना सारखी :* यात प्राध्यापकाचे गणित दिसते. आधी विमा, भविष्यनिर्वाह निधी अशा बचतीची रक्कम उत्पन्नातून वजा व्हायची. समजा दोघांनी प्रत्येकी ६ हजार रुपये वाचवले आणि पूर्ण रक्कम वजा झाली. ५० टक्क्यांच्या टप्प्यातल्या श्रीमंताचा ३ हजार रुपये कर वाचेल, २० टक्क्यांच्या टप्प्यातल्या कारकुनाचा फक्त १,२००. बचत सारखी, फायदा मात्र अडीचपट. दंडवतेंनी ही पद्धत बदलली. बचतीच्या २० टक्के रक्कम थेट करातून कमी, म्हणजे दोघांनाही १,२००. हेच ते आयकराचे कलम ८८. ते पंधरा वर्षे चालले. २००५ मध्ये पुन्हा वजावटीची पद्धत आली, ती म्हणजे कलम ८० सी.

*४. शेतकरी कर्जमाफी :* २ ऑक्टोबर १९८९ रोजी थकीत असलेली, १० हजार रुपयांपर्यंतची कर्जे माफ करण्याची योजना आली. शेतकऱ्यांसोबत कारागीर आणि विणकरही त्यात होते. हे जनता दलाचे निवडणुकीतले आश्वासन होते. दंडवतेंच्या कारकिर्दीवरची सर्वात मोठी टीकाही याच निर्णयावर होते. त्याकडे पुढे येऊ.

कोकण रेल्वेसाठी पैसा कुठून आला?

रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग बांधायचा होता. सह्याद्रीचे फाटे, लाल मातीचे डोंगर, दर काही मैलांवर नदी किंवा खाडी. रेल्वेच्या वार्षिक अर्थसंकल्पातून नेहमीच्या पद्धतीने दरवर्षी थोडी थोडी तरतूद झाली असती, तर काय झाले असते ते आपटा-रोहा टप्प्याने दाखवून दिले होते.

त्यावर काढलेला तोडगा असा : रेल्वे मंत्रालयाबाहेर नव्हे, पण रेल्वेच्या नेहमीच्या हिशेबाबाहेर एक स्वतंत्र कंपनी काढायची. भांडवलात केंद्र आणि ज्या राज्यांतून मार्ग जातो किंवा ज्यांना लाभ होतो ती राज्ये भागीदार. वाटणी अशी ठरली :

• भारतीय रेल्वे : ५१ टक्के
• महाराष्ट्र : २२ टक्के
• कर्नाटक : १५ टक्के
• गोवा : ६ टक्के
• केरळ : ६ टक्के

भांडवल पुरणार नव्हतेच. उरलेला मोठा पैसा बाजारातून, करमुक्त रोख्यांद्वारे उभा करायचा होता. करमुक्त म्हणजे रोख्यावरच्या व्याजावर गुंतवणूकदाराला कर नाही. त्यामुळे तो कमी व्याजातही पैसे द्यायला तयार होतो आणि कंपनीला कर्ज स्वस्त पडते. सरकार तिजोरीतून रोख रक्कम काढत नाही, पुढे मिळणाऱ्या करावर पाणी सोडते. रिकाम्या तिजोरीच्या अर्थमंत्र्याला परवडणारा मार्ग हाच होता.

१९ जुलै १९९० रोजी कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. ई. श्रीधरन त्याचे पहिले अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक. १५ सप्टेंबर १९९० रोजी रोह्याला पायाभरणी झाली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत व्ही. पी. सिंह सरकार पडले. ही कंपनी त्याआधी स्थापन झाली नसती, तर पुढच्या अस्थिर वर्षांत या मार्गाचे काय झाले असते, याची कल्पनाच केलेली बरी. कंपनीचे रोखे, राज्यांचे भाग आणि कामाचे करार अस्तित्वात असल्याने नंतरच्या कोणत्याही सरकारला काम थांबवणे सोपे राहिले नाही.

मग श्रेय एकट्या दंडवतेंचे का?

नाही, आणि तसे म्हणणे इतरांवर अन्याय ठरेल. रेल्वेमंत्री होते जॉर्ज फर्नांडिस, मूळचे मंगळूरचे. निर्णयाची गाडी त्यांनी पळवली. नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष होते रामकृष्ण हेगडे, उत्तर कन्नड जिल्ह्यातले. रेल्वे, अर्थ आणि नियोजन ही तिन्ही दारे ज्यांच्या हाती, ते तिघेही पश्चिम किनाऱ्याशी जोडलेले होते. असा योग त्याआधी आला नव्हता. कोणताही प्रकल्प यातल्या एका दाराशी तरी अडतो, हे सरकारी कामाची माहिती असलेल्यांना सांगायला नको.

त्याही आधी अ. ब. वालावलकरांसारख्यांनी या मार्गासाठी आयुष्य खर्ची घातले होते. नाथ पै यांनी संसदेत कोकणाची बाजू मांडली होती. आणि डोंगर प्रत्यक्ष फोडले ते श्रीधरन यांचे अभियंते आणि हजारो मजुरांनी. रत्नागिरीजवळचा साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा आणि ६४ मीटर उंचीचा पानवल नदीवरचा पूल ही त्यातली दोन अवघड कामे. संपूर्ण मार्गावर ९० हून अधिक बोगदे आणि सुमारे दोन हजार लहान-मोठे पूल आहेत. २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्गावर गाड्या धावू लागल्या.

कर्जमाफीवर टीका काय होती?

योजनेचा बोजा सुमारे १० हजार कोटींच्या घरात गेला. बँकांची तक्रार अशी की, ज्यांनी पोटाला चिमटा काढून हप्ते भरले त्यांना काहीच मिळाले नाही आणि ज्यांनी थकवले त्यांचे कर्ज गेले. पुढच्या माफीची वाट पाहण्याची सवय लागली, ग्रामीण आणि सहकारी बँकांची वसुली बसली, असे अर्थतज्ज्ञ आजही सांगतात. प्रत्येक नव्या कर्जमाफीच्या वेळी १९९० चा दाखला दिला जातो तो यामुळेच. समर्थकांचे म्हणणे वेगळे : उद्योगांची मोठी कर्जे निर्लेखित होतात तेव्हा कोणी ओरडत नाही, मग १० हजारांच्या कर्जावर एवढा गहजब का?

ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेतवर हल्ला केला. तेलाचे भाव भडकले, आखातातून भारतीयांचा पैसा येणे आटले. १९९१ च्या मध्यापर्यंत परकीय चलन जेमतेम काही आठवड्यांच्या आयातीपुरते उरले आणि देशाचे सोने परदेशात पाठवावे लागले. ज्या अर्थमंत्र्याने घरातले सोने मोकळे केले, त्यानंतर वर्षभरात सरकारवर ही वेळ आली.

याला दंडवते किती जबाबदार? संकटाची मुळे ऐंशीच्या दशकातल्या उधळपट्टीत होती आणि आखाती युद्ध कोणाच्या हातात नव्हते. पण तूट आवरण्याची निकड असताना त्यांच्या अर्थसंकल्पाने ती पुरेशी आवरली नाही, हेही खरे. कोकणाला रेल्वे दिली म्हणून या नोंदीकडे डोळेझाक करता येत नाही.

त्यानंतर दंडवतेंचे काय झाले?

ज्या कामासाठी ते आज आठवले जातात, त्याचा त्यांना निवडणुकीत उपयोग झाला नाही. पायाभरणीनंतर काही महिन्यांत, १९९१ च्या निवडणुकीत राजापूरने त्यांना पराभूत केले. तेव्हा रुळ अजून टाकायचे होते. १९९६ ते १९९८ मध्ये ते पुन्हा नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष होते, म्हणजे संपूर्ण मार्ग सुरू झाला तेव्हा ते दिल्लीत त्या पदावर होते. १२ नोव्हेंबर २००५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. पुढे मतदारसंघांच्या फेररचनेत राजापूर हा लोकसभा मतदारसंघही संपला आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग अस्तित्वात आला.

कर्ज शेवटी कोणी फेडले?

भाग तुमच्या तिकिटाशी संबंधित आहे. कोकण रेल्वेवर भाडे आकारताना प्रत्यक्ष अंतरापेक्षा ४० टक्के वाढीव अंतर धरण्याची पद्धत आहे. रोहा ते रत्नागिरी हे अंतर साधारण २०० किलोमीटर. भाडे लागते ते २८० किलोमीटरचे. बांधकामाचा खर्च सुमारे साडेतीन हजार कोटींवर गेला, त्यावरचे व्याज वेगळे. त्याची वसुली मालवाहतुकीबरोबर प्रवाशांकडूनही झाली. गणपतीला गावी जाणारा चाकरमानी गेली अनेक वर्षे हे वाढीव किलोमीटर मोजतो आहे, बहुतेकांना त्याचा पत्ताही नाही.

जगात असे इतरत्रही होते. डेन्मार्कच्या अखत्यारीतल्या फॅरो बेटांची लोकसंख्या सुमारे ५४ हजार, रत्नागिरी तालुक्यापेक्षा कितीतरी कमी. पण ती बेटे स्वायत्त आहेत. त्यांची स्वतःची संसद, स्वतःचे कर आणि स्वतःचा अर्थमंत्री आहे. तिथे २०२० मध्ये समुद्राखालून ११ किलोमीटरचा बोगदा सुरू झाला. त्यासाठीही स्वतंत्र कंपनी निघाली, कर्ज काढले गेले आणि ते टोलमधून फेडले जात आहे. फरक इतकाच की टोल किती आणि किती वर्षे, हे बेटावरचेच लोक निवडून दिलेल्या सरकारमार्फत ठरवतात. कोकणाकडे स्वतःची तिजोरी नाही. विदर्भ आणि मराठवाड्यासाठी राज्यघटनेच्या कलम ३७१ मध्ये स्वतंत्र विकास मंडळांची तरतूद आहे, कोकण मात्र ‘उर्वरित महाराष्ट्रा’त मोडते. त्यामुळे दिल्लीच्या तिजोरीपाशी आपला माणूस आहे की नाही, यावर इथले बरेच काही ठरत आले आहे.

आता विलीनीकरणाने काय बदलेल?

कोकण रेल्वे हा ‘बांधा, वापरा आणि हस्तांतरित करा’ या तत्त्वावरचा प्रकल्प मानला जातो. त्या अर्थाने विलीनीकरण हा मूळ योजनेचाच शेवटचा टप्पा आहे. गोवा, कर्नाटक आणि केरळ यांनी आधीच होकार दिला होता. महाराष्ट्राने होकार देताना दोन अटी घातल्या. ‘कोकण रेल्वे’ हे नाव कायम राहावे आणि राज्याने भांडवलात घातलेले सुमारे ३९६ कोटी रुपये परत मिळावेत.

*फायद्याची बाजू :* मार्गाचे विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झाले, पण रोहा-वीर टप्पा सोडला तर मार्ग बहुतांश एकेरीच आहे. एक गाडी बाजूला काढल्याशिवाय समोरची पुढे जात नाही. दुहेरीकरणाला हजारो कोटी लागतील. छोट्या कंपनीला ते झेपत नाहीत, भारतीय रेल्वेच्या अर्थसंकल्पातून ते येऊ शकतात.

*काळजीची बाजू :* आज राज्ये भागधारक आहेत, म्हणून त्यांना संचालक मंडळात बोलता येते. उद्या हा मार्ग एखाद्या मोठ्या विभागाचा तुकडा झाला, तर निधीसाठी त्याला देशभरातल्या मार्गांच्या रांगेत उभे राहावे लागेल. १९९० मध्ये स्वतंत्र कंपनी काढली ती नेमकी ही रांग टाळण्यासाठी.

प्रवाशांनी कशाकडे लक्ष ठेवावे?

तीन गोष्टींकडे. वाढीव ४० टक्के अंतराची आकारणी विलीनीकरणानंतर रद्द होते का? दुहेरीकरणासाठी अर्थसंकल्पात आकडा दिसतो का, की फक्त घोषणा होते? आणि राज्याला परत मिळणारे ३९६ कोटी कोकणातच खर्च होतात का?

दंडवतेंच्या काळातला हिशेब किमान कागदावर स्पष्ट होता : कोणाचा किती वाटा, कर्ज किती, फेडणार कोण. विलीनीकरणाच्या कागदावरही तो तितकाच स्पष्ट असावा, एवढी मागणी रत्नागिरी स्टेशनवर पहाटे उतरून पावसची एसटी शोधणारा प्रवासी नक्कीच करू शकतो. आतापर्यंत बिल त्यानेच भरले आहे.